धम्मपालचा गळ

काठावर पोचला की प्रसेनजीतचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. ‘‘गळ किती सोडलेलं?’’ मासे किती लागले हे तो मागाहून विचारायचा. होडीवाले एकमेकांकडं बघून हसायचे. मासळी सोडून गळ मोजणारा सरकारी माणूस त्यांच्या बापजाद्यांनी बघितला नव्हता. त्यातून हा गडी त्यांच्याच बुडालेल्या गावचा, गणपतीबाबाचा थोरला, त्यामुळं चेष्टेला आणखी जोर चढायचा.

पण त्याचा मुद्दा सोपा होता आणि खरा होता. शंभर गळांना दहा मासे लागत होते तिथं पुढच्या वर्षी दोनशे गळांना दहा लागले, तर बाजारातली पाटी तेवढीच दिसते. पाणी मात्र निम्मं रिकामं झालेलं असतं. माणूस जास्त राबतो आणि तूट झाकून टाकतो. ती झाकलेली तूट उघडी करायची, एवढंच प्रसेनजीतचं काम. त्यासाठी दर महिन्याला तो कोडोलीहून एसटीनं धरणावर यायचा, आणि वर्षाअखेरीला मासळी किती आणि तिच्यापायी कष्ट किती याचा तक्ता कोल्हापूरला मत्स्य खात्याच्या कचेरीत नेऊन द्यायचा. तिथले मृत्युंजय साहेब तक्त्यावर चष्म्याचं घर ठेवायचे आणि चहा मागवायचे.

या पाण्यावर मासेमारी चालायची ती दावणीनं. लांब दोर, त्याला वावभर अंतरानं बांधलेल्या आखूड दोऱ्या आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला गळ. गोठ्यात एका दाव्याला ओळीनं जनावरं बांधतात तसे हे ओळीनं बांधलेले गळ, म्हणून दावण. तिन्हीसांजेला गांडुळं लावून सोडायची, सकाळी उचलायची. मरळ, वाम, शिवडा, जे नशिबात असेल ते वर यायचं.

दावण सोडायची ती गावावरच. धरण भरलं तेव्हा शाळा, तालीम, बुद्धविहार, चिंचेची झाडं, सगळं खाली गेलं, आणि माणसांना कोडोलीच्या अंगाला वसाहतीत प्लॉट मिळाले. गणपतीबाबांना ती उघडीबोडकी जागा काही मानवली नाही, दोन-चार वर्षांत ते गेले. थोरला प्रसेनजीत वारणानगरच्या कॉलेजात शिकून नोकरीला लागला. धाकट्या धम्मपालचं पुस्तकाशी कधी जमलंच नाही. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत त्यानं काही महिने काढले, आणि खोकत खोकत घरी येऊन म्हणाला, ‘‘आये, मी आपल्या गावाकडं जातो. वर पाणी असलं म्हणून काय झालं, गाव आपलंच हाय की.’’

धरणग्रस्त म्हणून त्याला मच्छीमार सोसायटीत जागा मिळाली. कृष्णात भोयानं त्याला होडीत घेतलं, गाठी शिकवल्या, वारा ओळखायला शिकवलं. दोघांचं गूळ-खोबऱ्यागत जमलं. आठवड्याला एक मासा घेऊन धम्मपाल वसाहतीत यायचा, आईच्या हातचं कालवण-भात ओरपायचा आणि प्रसेनजीतला डिवचायचा, ‘‘दादा, तू गळ मोज, मी मासे खातो.’’

पंच्याण्णव सालच्या श्रावणात भर दुपारी वारा उठला आणि होडी उलटली. कृष्णात काठाला लागला. धम्मपाल लागला नाही. पाणबुडे आले, गळ टाकून झाले, जाळी ओढून झाली. पाण्याखाली अख्खं गाव उभं होतं. कुठल्या भिंतीत, कुठल्या झाडाच्या बेचक्यात तो अडकला असेल, कोण सांगणार? तो सापडला नाही. बाविशीतलं पोर. त्या घराचं जे मोडलं ते मोडलंच, आणि ते सांगायला दुसरे शब्द नाहीत.

आता भोयांच्यात एक रीत होती. दावणीवरचा माणूस पाण्यात राहिला आणि हाती लागला नाही, तर दावणीच्या शेवटाला त्याच्या नावाचा एक गळ बांधायचा. त्याला आमिष लावायचं नाही. वर्षभर तो तसाच रिकामा सोडायचा आणि रिकामा उचलायचा. वर्ष झालं की घरच्यांसमोर दोरी कापून गळ पाण्यात सोडून द्यायचा. चुकूनमाकून त्या गळाला काही लागलंच, तर ते त्याच्या घरी पोचतं करायचं. कृष्णातनं धम्मपालसाठी ही रीत पाळली. भोई नसला म्हणून काय झालं, त्याच्या होडीतला होता.

पहिल्याच आठवड्यात त्या रिकाम्या गळाला हातभर मरळ लागली. कृष्णात ती घेऊन वसाहतीत आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. मान खाली घालून म्हणाला, ‘‘मावशी, धम्माच्या गळाला लागली.’’

शेजारच्या धोंडुबाईनं तोंडाला पदर लावला. ज्या पाण्यानं पोरगा गिळला त्यातलं घरात नको, असं ती दबक्या आवाजात म्हणालीही. धम्मपालची आई, आक्काताई, उठल्या. मासा हातात घेतला, थोडा वेळ नुसता धरून ठेवला.

‘‘त्येनं धाडलाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी कशी टाकू?’’

घरात भूतखेत, उतारे, अंगात येणं असले शब्द चालत नसत. छप्पन्न साली गणपतीबाबांच्या वडलांनी देव्हाऱ्यातले टाक नदीला सोडले, तेव्हापासून त्या घरानं मागं वळून बघितलं नव्हतं. प्रसेनजीतनं आईला समजावलं. चकाकत्या गळाला मासा कधीकधी उगीच तोंड घालतो, हे शास्त्र आहे. आक्काताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘ह्ये देवाधर्माचं न्हाय रं, परशा. आई-लेकराचं हाय. तू जेव.’’

तो जेवला. कालवण चांगलं झालं होतं, मीठ आईच्या हातचं, बेताचं, आणि त्याचीच त्याला लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा एक मरळ आली. त्याच्या पुढच्या आठवड्यातही आली. बाकीच्या दिवशी गळ रिकामा यायचा. आठवड्याला एक, धम्मपाल घरी घेऊन यायचा तेवढंच.

वर्ष भरलं तसा कृष्णात घरी आला. चहा घेऊन त्यानं कपबशी खाली ठेवली.

‘‘मावशी, वरीस झालं. आता सोडाय पायजे. तुमी काठावर या, तुमच्या म्होरं कापतो.’’

‘‘आन् न्हाय कापला तर?’’

‘‘तसं करत न्हाईत.’’

‘‘का?’’

‘‘आमचा आज्जा म्हनायचा, वर्षानं सोडायचा. का सोडायचा, ते कुणी इचारलंच न्हाय कधी.’’

आक्काताई त्याच्यासमोर खाली बसल्या. नवऱ्याच्या मागं कुणापुढं हात न पसरलेली ती बाई, तिनं कृष्णातचे दोन्ही हात धरले. ‘‘मला त्येची राखबी मिळाली न्हाय, कृष्णात. एवढी एक दोरी हाय. ऱ्हाऊ दे की.’’

कृष्णातनं प्रसेनजीतकडं बघितलं. प्रसेनजीतनं होकाराची मान डोलावली. असल्या खुळचट रिवाजापायी म्हाताऱ्या माणसाचा जीव कशाला दुखवायचा, असा त्याचा सरळ हिशेब होता. गळ राहिला.

त्यानंतरची वर्षं पाण्याला वाईट गेली. सोसायटीत माणसं वाढली, दावणी लांबल्या. जिथं एका होडीमागं दोन-अडीचशे गळ सुटायचे तिथं पाचशे, मग आठशे सुटू लागले. शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, दर साली प्रसेनजीतच्या तक्त्यात कष्टाची रेघ वर चढत गेली आणि मासळीची खाली उतरत गेली. बोटं गांडुळं लावून सुजायची आणि सकाळी पाटीचा तळ दिसायचा. एकच गळ असा होता की ज्याचं काही बदललं नव्हतं, आणि त्याला आमिषही नव्हतं. प्रसेनजीत तो गळ तक्त्यात धरत नसे. आमिष नाही म्हणजे कष्ट नाहीत, आणि कष्ट नाहीत तर मोजायचं काय?

त्याला खरा संशय होता तो कृष्णातचा. आपण वाचलो आणि मैतर गेला, ही टोचणी माणसाला काय करायला लावत नाही? तोच आपल्या पाटीतला एक मासा त्या गळाला अडकवत असणार. तसं असेल तर प्रसेनजीतला त्याचा राग नव्हता, उलट मायाच वाटायची. तरी खात्री करून घ्यावी म्हणून नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात त्यानं कृष्णातला गळ आणि दोर आणायला कोल्हापूरला धाडलं. तो तिथंच बहिणीकडं मुक्कामाला राहणार होता. त्या दिवशी सोसायटीच्या गोदामावरच्या जोतीरामाला सोबत घेऊन प्रसेनजीतनं स्वतः दावण सोडली, तीही नेहमीची जागा टाकून, धरणाच्या पार पलीकडच्या अंगाला. शेवटाला नवा कोरा गळ बांधला. आमिष लावलं नाही. आणि काठावर गोधडी पांघरून बसून राहिला. पाण्यावर कुणी गेलं नाही.

सकाळी धुकं होतं. जोतीराम वल्हवत होता आणि प्रसेनजीत दोर ओढत होता. गळ येत होते, रिकामे, रिकामे, एक बारकी वाम, पुन्हा रिकामे. शेवटची दोरी हाताला लागली तेव्हा ती जड होती.

मरळ जिवंत होती. तिला होडीत घेऊन गळ सोडवायला त्यानं तोंड उघडलं आणि त्याचा हात तिथंच थांबला. गळ तोंडात रुतलेलाच नव्हता. दोरी कल्ल्यातून आत घालून तोंडातून बाहेर काढली होती, आणि गळ वळवून पुन्हा त्याच दोरीत अडकवला होता. बाजारातून घरी मासा न्यायचा असेल तर माणूस तो असाच ओवतो आणि हातात धरून चालू लागतो.

‘‘काय हो दादा?’’ जोतीरामानं विचारलं.

‘‘काही नाही. चल काठाला.’’

कोल्हापूरहून परतलेल्या कृष्णातला त्यानं गाठलं. ओवलेली दोरी दाखवली. कृष्णातनं बिडी विझवली.

‘‘मला पयल्यापासनं ठावं हाय,’’ तो म्हणाला.

‘‘मग बोलला का नाहीस?’’

‘‘कुणाला सांगू? तुमी लिवून घेनार, आन् मावशी रडनार.’’

प्रसेनजीतनं ते कुठंही लिहिलं नाही. बायकोला, अक्षताला, तेवढं सांगितलं. तीही शिकलेली, अंगणवाडीत शिकवणारी. ती एवढंच म्हणाली, ‘‘आत्तींना कळू देऊ नका.’’ पण मासा चिरणाऱ्या बाईला कल्ल्यातली दोरीची खूण दिसत नसेल, हे दोघांनाही कसं वाटलं कोण जाणे. आक्काताई चार वर्षं ती खूण बघत होत्या.

दोन हजार सालानंतर धम्मपालच्या गळालाही फरक पडला. हातभर मरळ वीतभर झाली. मग मरळ यायची बंदच झाली आणि खवल्या नावाची बारकी मासळी येऊ लागली, तळहाताएवढी. एके दिवशी गळावर तीन आल्या. तिघींना एकाच दोरीत, कल्ल्याला कल्ला लावून ओवलेलं होतं.

आक्काताईंनी त्या ताटात ठेवल्या आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडं बघत बसल्या.

‘‘त्येलाबी मिळंना झालंय,’’ त्या म्हणाल्या.

प्रसेनजीतला एकदम उमगलं. एका मोठ्या माशाऐवजी तीन बारके. पाटी भरलेली दिसावी म्हणून जास्तीचे कष्ट. सगळ्या धरणात जे चाललं होतं तेच तिथं खालीही चाललं होतं, आणि इतकी वर्षं तो त्या गळाचे कष्ट शून्य धरत आला होता. पाण्याखाली त्याचा धाकटा भाऊ दर साली जास्त जास्त राबत होता. प्रसेनजीत उठून परसात गेला आणि भिंतीला डोकं लावून रडला, भावाच्या मागं पहिल्यांदाच एवढा मोकळा.

त्यानंतर आईच्या घशाखाली मासा उतरेना. त्या ताटावर बसायच्या, एक घास घ्यायच्या, हात धुवायच्या. रानात भांगलायला जायच्या त्याही बंद झाल्या. एकदा त्यांनी भाकरी फडक्यात बांधून कृष्णातकडं दिली आणि गळाला बांधायला सांगितली. ‘‘त्येला म्हनावं, आमचं भागतंय. तू खा.’’ दुसऱ्या दिवशी भाकरी नव्हती. तिचं नवल नाही, पाण्यात भाकरी राहते थोडीच. पण फडकं गळावर होतं. पिळून, चौघडी घालून, दोरीनं बांधलेलं होतं. त्याच्या खाली चार खवल्या होत्या.

मग त्या स्वतःच जायला निघाल्या. प्रसेनजीतनं जीप ठरवली. काठावर उतरल्यावर आक्काताईंनी पायताण काढलं, गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या, आणि अंगणातून शेतातल्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात बोलल्या.

‘‘धम्मा, ऐक माजं. मला आता दात न्हाईत. दादाला पगार मिळतोय, सूनबाईला मिळतोय. आमाला काय कमी न्हाय. तू दमला असशील. आता नगं काय धाडूस. पड जरा.’’

पाण्यावर साधी लहरसुद्धा आली नाही. लांब एक बगळा उठला आणि दुसऱ्या खडकावर बसला. आक्काताई परत आल्या तेव्हा हलक्या झाल्यासारख्या वाटत होत्या. जीपमध्ये त्या प्रसेनजीतच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. ऐकलं असंल त्येनं, असं झोपेपूर्वी म्हणाल्या.

सकाळी कृष्णातनं दावण उचलली. त्याच दुपारी तो वसाहतीत आला, पण दारात न येता त्यानं प्रसेनजीतला कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी बोलावून घेतलं. हातात प्लास्टिकची पिशवी होती.

पिशवीत दोरी होती. दोरीवर बोटाच्या पेराएवढी माशांची पिल्लं ओवलेली होती. अबोलीचा गजरा ओवावा तशी जवळजवळ, एकही न फाटता, हातभर लांब. गिरणीतलं पीठ उडून त्यांच्यावर बसत होतं. असलं काम करायला रात्र पुरत नाही.

‘‘दादा,’’ कृष्णातचा आवाज फाटला, ‘‘त्येला वाटलं, कमी पडलं म्हनून मावशी सांगाय आली.’’

‘‘आईला दाखवू नको.’’

पण त्या मागं येऊन उभ्या होत्या. त्यांनी पिशवीत बघितलं. रडल्या नाहीत. गिरणीच्या कट्ट्यावर बसल्या आणि पदरानं त्या पिल्लांवरचं पीठ पुसू लागल्या.

‘‘काप त्यो गळ,’’ त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कृष्णातनं गळ कापून पाण्यात सोडला. त्यानं सांगितलं ते एवढंच. पुढच्या आठवड्यात त्याच्या दावणीच्या शेवटच्या आमिषाच्या गळावर पुन्हा तशीच माळ आली.

दावण पाण्यात आहे तोवर हे थांबायचं नाही, हे प्रसेनजीतला कळलं. आणि थांबवणं त्याच्या हातात होतं. त्याचे तक्ते वर्षानुवर्षं तेच सांगत होते. त्या साली त्यानं कोल्हापूरला जाऊन, मृत्युंजय साहेबांचं चष्म्याचं घर उचलून बाजूला ठेवून, प्रत्येक आकडा त्यांना समजावून सांगितला. गळ चौपट झाले, मासळी चौथाई राहिली, आता पिल्लंच निघत आहेत. काही वर्षं दावण बंद ठेवा, नाहीतर पाणी मेलं म्हणून समजा. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरीही जिना उतरताना त्याला आपण चोर असल्यासारखं वाटलं. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यापासून बंदी लागली. होडीवाल्यांनी त्याला शिव्या घातल्या, कुणी शिरोलीला कारखान्यात गेलं, कुणी ऊसतोडीला. त्यानं त्या शिव्या मान खाली घालून खाल्ल्या. दोन वर्षांनी एकदा, मासळी सावरते का हे बघायला, खात्याची एक चाचणीची दावण तेवढी सुटणार होती.

घरी मासा यायचा थांबला. आक्काताई मात्र थांबल्या नाहीत. आठवड्याचा तो वार आला की सकाळपासून बेचैन व्हायच्या, दाराकडं बघायच्या.

‘‘न्हेऊन द्यायला दोरी न्हाय म्हटल्यावर काय करत असंल त्यो?’’ त्या एकदा अक्षताला म्हणाल्या. ‘‘साठवून ठेवत असंल का गं?’’

पुढच्या साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीभ जड झाली. प्रसेनजीत उशाशी बसायचा, चमच्यानं पेज भरवायचा. गोपाळकाल्याच्या दिवसात, बाहेर पोरांचा कालवा चालला असताना, त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि बऱ्याच दिवसांनी स्पष्ट बोलल्या.

‘‘माजी राख तिकडं सोड. पाण्यात.’’

‘‘आये, असं नको बोलू.’’

‘‘ऐक. काठावरनं सांगून त्येला कळत न्हाय. जवळ जाऊन सांगाय पायजे. त्येचा हात धरून सांगते, बास कर म्हनून.’’ थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, ‘‘तू त्येची काळजी करू नगंस. मी हाय न्हवं.’’

चार दिवसांनी त्या गेल्या. भन्तेजींनी परित्राणपाठ केला, वसाहत सगळी आली. प्रसेनजीत आणि कृष्णात होडीतून मध्यावर गेले, जिथं खाली त्यांचं घर होतं तिथं, आणि राख सोडली. ती सरळ खाली गेली. प्रसेनजीतला दुःख होतं, पण त्याखाली कुठंतरी एक सुटकाही होती. आता सांगणारी सांगायला पोचली होती.

दोन हजार पाचच्या मार्गशीर्षात चाचणीची पहिली दावण सोडायची वेळ आली. शिरोलीहून दोन दिवसांची सुट्टी काढून कृष्णात आला. त्यानं गांडुळं लावली, प्रसेनजीतनं गळ मोजले. सगळे झाल्यावर प्रसेनजीतनं खिशातून एक गळ काढला आणि शेवटाला बांधला. रिकामा.

कृष्णातनं विचारलं, ‘‘कशाला, दादा?’’

‘‘रिकामा वर आलेला बघायचाय मला. एकदा बघितला की दोघंही सुटले म्हणेन. मग तुझ्या रीतीनं काप.’’

सकाळ स्वच्छ होती. कोवळं ऊन पाण्यावर पडलं होतं.

पहिल्या वीस गळांतच दोन मरळी लागल्या. मग एक शिवडा. पाणी सावरत होतं. त्याचे आकडे खरे ठरत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला कामाचं समाधान वाटलं. कृष्णातही हसला.

दोर संपत आला.

शेवटची दोरी हाताला लागली. ती जड होती.

प्रसेनजीतनं ओढायचं थांबवलं. मग सावकाश, एकेक वीत, वर घेतली.

मोठी मरळ होती, हातभर. कल्ल्यातून ओवलेली.

ती हलत नव्हती.

त्यानं ती मांडीवर घेतली. खवलं काढलेली होती. पोट चिरून आतलं सगळं काढून आत बाहेर धुतलेलं होतं. दोन्ही अंगांना, मसाला मुरावा म्हणून देतात तशा, सारख्या अंतरावर तिरक्या चिरा दिलेल्या होत्या.

कृष्णातच्या हातातलं वल्हं पाण्यातच राहिलं. होडी आपोआप फिरू लागली.

‘‘दादा,’’ तो अगदी हळू म्हणाला, ‘‘कापू का?’’

प्रसेनजीतनं एका चिरेत बोट घातलं आणि जिभेला लावलं.

मीठ बेताचं होतं.